फोमची गादी बसते म्हणजे नेमकं काय होतं?

२०१५च्या मे महिन्यात आम्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी एकसारख्या दोन गाद्या घेतल्या. ७८ बाय ६०, सहा इंच जाड, सलग पीयू फोमच्या. दुकानदार म्हणाला, "३२ डेन्सिटी आहे, दहा वर्षं बघायला नको." एक गादी पुण्यात आमच्या खोलीत आली आणि दुसरी टेम्पोने चिपळूणला आईबाबांच्या माडीवर गेली. नऊ वर्षांनी दोन्ही काढून टाकाव्या लागल्या, पण त्यांच्या खराब होण्यात काडीचंही साम्य नव्हतं. पुण्याची गादी मधोमध बसली होती, रात्री दोघंही घरंगळत मध्ये यायचो. चिपळूणची उंचीला जशीच्या तशी होती, मात्र खालून काळ्या ठिपक्यांनी भरली होती आणि खिडकीकडच्या बाजूचा फोम चिमटीत धरला की भुगा व्हायचा.

पुण्याच्या गादीवर नऊ वर्षांत साधारण तीन हजार रात्री आम्ही दोघं झोपलो. चिपळूणच्या गादीवर गणपती, दिवाळी आणि मे महिना धरून साडेतीनशे-चारशे रात्री कोणी झोपलं असेल. वय दोघींचं सारखं, आयुष्य वेगवेगळं. म्हणून "फोमची गादी किती वर्षं टिकते?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठे ठेवलेली, कोण झोपतं, आणि खाली काय आहे?

आमची पुण्याची गादी बसायला लागली तेव्हा आईने फोनवर लगेच उपाय सांगितला, "गच्चीत उन्हात टाक दोन दिवस, फुगेल परत." तिचं चुकत नव्हतं, तिच्या गादीच्या बाबतीत ते खरंच होतं. कापसाची गादी ऊन लागलं की फुगते, कारण दमट होऊन एकमेकांना चिकटलेले तंतू सुटे होतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर पिंजारी दारात यायचा, जुना कापूस उसवून धनुकलीवर पिंजायचा, वाटलं तर किलो-दोन किलो नवीन घालायचा, आणि गादी पुन्हा नवी. माझ्या आजीच्या गादीतला कापूस किती वेळा पिंजला गेला असेल, याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. गादी ही दुरुस्त होणारी वस्तू आहे, असं आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या डोक्यात बसलं आहे ते यामुळे. फोम मात्र पिंजता येत नाही आणि उन्हात टाकला तर उलट लवकर मरतो. असं का होतं ते समजायला फोम आतून कसा असतो ते बघायला हवं.

जाळी आणि तिच्यातल्या गाठी

आंबोळी तव्यावर टाकली की तिला जाळी पडते. आंबवलेल्या पिठातला वायू बाहेर पडताना छिद्रं करून जातो. फोम तसाच बनतो, फक्त पीठ वेगळं. पॉलिऑल नावाचं दाट तेलासारखं रसायन आणि टीडीआय नावाचं दुसरं रसायन, यांत थोडं पाणी घालून मिसळलं की पाणी आणि टीडीआयच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो. मिश्रण काही मिनिटांत फसफसून भलामोठा ठोकळा तयार होतो. हा पदार्थ म्हणजे पॉलियुरेथेन, त्याचंच लघुरूप आपल्याकडे 'पीयू'. त्याची मूळ रसायनविद्या जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७मध्ये शोधली. ठोकळा थंड होऊन पक्का झाला की त्याचे हवे तेवढ्या जाडीचे काप काढायचे आणि कव्हर शिवायचं.

भिंगातून फोमचा काप बघितला तर लाखो छोट्या खोल्या दिसतात. भिंती जवळपास नसतात, नुसते खांब आणि तुळया. आपण झोपलो की हे बारीक खांब वाकतात आणि आतली हवा निसटते. उठलो की खांब सरळ होतात आणि हवा परत येते. फोमचं सगळं काम हे इतकंच. गादीचं आयुष्य म्हणजे ते खांब किती वेळा आणि किती वेळ वाकून पुन्हा सरळ होऊ शकतात, तेवढं.

आता ते सरळ का होतात? खांबांच्या आत लांबच लांब रेणूंच्या दोऱ्या असतात आणि त्या दोन प्रकारच्या गाठींनी एकमेकींना बांधलेल्या असतात. एक पक्की गाठ, म्हणजे रासायनिक बंध, जो सहजी तुटत नाही. दुसरी सुरगाठ, म्हणजे हायड्रोजन बंध. ही ताणाला धरून ठेवते, पण ऊब आणि ओल मिळाली की सैल होते. रात्री अंगाखाली नेमकी ऊब आणि ओल असते. अंथरुणातली हवा तीस-पस्तीस अंशांच्या आसपास तापते, घामाची आणि श्वासाची वाफ खाली उतरते. दाबलेल्या स्थितीतच काही सुरगाठी सुटतात आणि दोऱ्या जरा सरकल्या की तिथेच नव्याने बसतात. सकाळी आपण उठतो, पण त्या गाठी आता दाबलेल्या आकारात पडलेल्या असतात, त्यामुळे खांब पूर्ण सरळ होत नाही. एका रात्रीत हा फरक केसाएवढाही नसतो. रोज सात तास धरले तर वर्षाला अडीच हजारांहून जास्त तास होतात आणि दहा वर्षांत पंचवीस हजार. गादी बसते ती अशी.

कारखान्यात हे लवकर घडवून बघतात. फोमचा तुकडा निम्म्या उंचीपर्यंत दाबून २२ तास ७० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवायचा, मग सोडून अर्ध्या तासाने उंची मोजायची. जितकी उंची परत आली नाही, तितका फोम कच्चा. या चाचणीत भट्टीची उष्णता मुद्दाम वापरतात, कारण वर्षानुवर्षांची झीज त्यामुळे दिवसाभरात दिसते. म्हणजे दाबाइतकीच ऊबही गादीला म्हातारी करते, हे कारखानदाराला पहिल्यापासून ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या प्रकारचं म्हातारपण म्हणजे मऊ पडणं. यात गादीची उंची डोळ्यांना पूर्ण दिसते, पण झोपलं की कंबर खाली जाते. बारीक खांब वाकून वाकून तुटलेले असतात, ताराचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो तसे. युरोपातल्या मानक चाचणीत गादीवरून साधारण १४० किलो भाराचा रूळ ३०,००० वेळा फिरवतात आणि मग उंची किती घटली, कडकपणा किती उतरला ते बघतात. नवी गादी पहिल्या काही आठवड्यांत किंचित मऊ होते ते मात्र ठीक आहे. छिद्रांवर राहिलेले पातळ पापुद्रे फुटतात, एवढंच. त्याला खराबी समजून लगेच दुकानात भांडायला जाऊ नका.

तिसरा प्रकार चिपळूणच्या गादीत झाला तो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या पक्क्या गाठीच तोडतात. आधी फोम पिवळा पडतो. नुसत्या पिवळेपणाने फार बिघडत नाही, अंधारात ठेवलेला फोमही काही महिन्यांत पिवळसर होतो. पण उन्हाने पिवळा पडलेला फोम पुढे करपल्यासारखा तपकिरी होतो, ठिसूळ होतो आणि बोटांत भुगा येतो. आमच्या माडीच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन त्या एका कोपऱ्यावर यायचं आणि कव्हर तिथेच विरलं होतं. शिवाय आई सगळी पाहुणेमंडळी गेली की प्रेमाने गादी उचलून त्या खिडकीशी उभी करायची, "ऊन खाऊ दे जरा" म्हणून.

डेन्सिटी म्हणजे काय, आणि ती घरी कशी मोजायची

दुकानात कानावर पडणारा सगळ्यात मोठा शब्द म्हणजे डेन्सिटी. अर्थ साधा आहे: एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. बाकी सगळी हवा. वजन जास्त म्हणजे तेवढ्याच जागेत खांबांचा ऐवज जास्त, म्हणून फोम जास्त टिकतो. इथे एक गोंधळ कायम होतो. डेन्सिटी आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. रसायनांचं प्रमाण बदलून हलका पण कडक फोम बनवता येतो, आणि जड पण मऊसुद्धा. दुकानात हाताने दाबून "मस्त कडक आहे" म्हणून घेतलेली गादी दोन वर्षांत बसते ती यामुळेच. हाताला कडकपणा कळतो, टिकाऊपणा नाही.

टिकाऊपणाचा अंदाज वजनावरून येतो आणि ते घरी मोजता येतं. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत गुणा, आलेल्या आकड्याला ६१,०२४ने भागा. तेवढे घनमीटर झाले. मग कव्हर काढून फोमचं वजन करा आणि घनमीटरने भागा. ७८ बाय ६० बाय ६ इंचांची गादी भरते ०.४६ घनमीटर. खरोखर ३२ डेन्सिटी असेल तर नुसता फोम १४.७ किलो भरायला हवा, आणि ४० असेल तर १८.४ किलो.

आम्ही हे केलं, पण नऊ वर्षांनी. पुण्याची गादी कव्हरातून काढली, गुंडाळी करून सुती दोरीने आवळली आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा अडकवून दोघांनी काठीवर उचलली. काटा थांबला १२.६वर. भागाकार केला, सत्तावीस. मी पुन्हा तोललं, पुन्हा तेच. फोम बसला तरी त्यातला ऐवज कुठे जात नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून ती गादी ३२ची नव्हतीच. त्या दुकानदाराला माहीत होतं की तोही पुढच्याच्या शब्दावर विकत होता, ते मला कळायला मार्ग नाही. पण आता नवी गादी घरात आली की आधी काटा, मग चादर, असा आमचा नियम आहे. तोही आठवड्याच्या आत, कव्हर न फाडता, म्हणजे परत करायची वेळ आलीच तर अडत नाही.

वजनातही फसवणूक होते. काही जण फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळतात, त्याला धंद्यात 'फिलर' म्हणतात. वजन भरतं, आकडा छान दिसतो, पण ताकद वाढत नाही, उलट फोम लवकर बसतो. कापलेल्या कडेवर काळं कापड चोळून बघा. पांढरी पूड लागली तर समजा. आणखी एक आकडा जपून वाचावा तो बॉन्डेड फोमचा. फोम कापताना उरलेल्या कतरणीचा चुरा करून, गोंदाने दाबून हा रंगीबेरंगी ठोकळा बनवतात. त्याची डेन्सिटी ८० ते १०० असते आणि 'ऑर्थो' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाद्यांच्या पोटात तो असतो. त्याचा १०० आणि पीयूचा ४० यांची तुलना करू नका. बॉन्डेड हा खालच्या थराला ठीक, कडक आधार देतो. पण गोंद सुटला की त्याचे तुकडे आत सरकतात आणि गाठी लागतात.

मग वर्षांचा आकडा? तो द्यायलाच हवा, फक्त अदमास म्हणून घ्या. दोन मोठी माणसं रोज झोपतात आणि खाली सपाट, हवा लागणारा पलंग आहे असं धरून बोलते. वीस-पंचविशीतला हलका पीयू फोम दोन ते चार वर्षांत थकतो. तो पाहुण्यांच्या गादीला किंवा बैठकीला ठीक. खरा ३२चा पाच ते सात वर्षं जातो. ४०चा, किंवा ज्याला एचआर म्हणतात तो जास्त उसळीचा फोम, सात ते दहा. मेमरी फोम पन्नासच्या वरचा असेल तर आठ-दहा वर्षं, पण बहुतेक गाद्यांत त्याचा वरचा थर इंच-दोन इंचाचाच असतो आणि गादीचं आयुष्य ठरतं खालच्या फोमवर. नैसर्गिक लॅटेक्स दहा ते पंधरा वर्षं, सावलीत असेल तर. लहान मूल एकटंच झोपत असेल तर या आकड्यांत निम्म्याने वाढ धरायला हरकत नाही. नव्वद-शंभर किलोचं माणूस असेल तर कमी धरा.

मेमरी फोमचं थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल तक्रारी वेगळ्या येतात. १९६६मध्ये नासासाठी, विमानाच्या आसनात वापरायला, चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. तो तापमानाप्रमाणे वागतो. अंगाच्या उबेने मऊ होतो, थंडीत घट्ट होतो. नाशिकला डिसेंबरात संध्याकाळी अंग टाकलं की फळीसारखा वाटेल, दहा मिनिटांत मऊ पडेल. मे महिन्यात नागपुरात तोच फोम दलदलीसारखा वाटतो. ही खराबी नव्हे, त्याचा स्वभावच तसा आहे. लॅटेक्सची गोष्ट याहून जुनी. रबराच्या चिकाचा फोम १९२९मध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत जमला. चीक त्याच रबराच्या झाडाचा, ज्याच्या बागा आज आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूलाही दिसतात. लॅटेक्सची उसळी फार चांगली, पण उन्हाशी त्याचं हाडवैर. जुन्या रबरबँडचं काय होतं ते आठवा.

खड्डा मोजायचा कसा

गादी बसली की नाही हे पाठीला विचारू नका. पाठीला रोजची सवय होऊन जाते. पडद्याची सरळ दांडी घ्या, चादर काढून गादीवर आडवी ठेवा, दोन्ही टोकं कडेवर टेकवा. गादीवर कोणी बसलेलं नको, आणि सकाळी उठल्यावर लगेच नको, दोन-तीन तास गादी मोकळी राहू द्या. मग जिथे आपली कंबर येते तिथे शाळेची पट्टी उभी धरून दांडीपासून गादीपर्यंतचं अंतर वाचा. दोन्ही बाजूंना वेगळं मोजा. आमच्या गादीचं सहाव्या वर्षी नवऱ्याच्या बाजूला २२ मिलिमीटर आलं आणि माझ्या बाजूला १४.

हाच आकडा वॉरंटीतही मोजतात. बहुतेक वॉरंटी कार्डांवर अमुक इतका खड्डा पडला तरच गादी सदोष मानू, असं लिहिलेलं असतं. सहसा तो आकडा एक ते दीड इंच असतो, म्हणजे २५ ते ३८ मिलिमीटर. तो खड्डा वजन न ठेवता मोजायचा. आमच्या कार्डावर २५ होता. तीन मिलिमीटर कमी पडले म्हणून दावा गेला, आणि रात्री तर दोघांच्या वजनाने तोच खड्डा त्याच्या दुपटीहून खोल व्हायचा. वर उल्लेख केलेलं मऊ पडणं तर कार्डात कुठे बसतच नाही, कारण वजन काढलं की उंची जागेवर येते. गादीवर चहाचा किंवा लघवीचा डाग असेल, खाली फटींचा पलंग असेल, बिल हरवलं असेल, तरी दावा नाकारला जातो. काही वर्षांनंतर नवी गादी फुकट न देता वापरलेल्या वर्षांचे पैसे कापून घेतात. म्हणून वॉरंटीच्या वर्षांना गादीचं आयुष्य समजू नका. कारखान्यात काही चुकलं असेल तर त्याची ती हमी असते, झिजेची नव्हे.

हे वाचून कोणी म्हणेल, २२ मिलिमीटरने काय होतं? पाठीवर झोपलं की कुल्ल्यांचा भाग शरीरात सगळ्यात जड, तो आधीच खाली जातो. त्यात खड्डा मिळाला की कण्याची झोळी होते. माझ्या नवऱ्याला सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असायची आणि अकरा वाजेपर्यंत मोकळी व्हायची, गावाला गेलो की दुखायची नाही. दुखणं झोपून उठल्यावर जास्त आणि हिंडल्याफिरल्यावर कमी, दुसऱ्या घरी झोपलं की नाहीच, असं असेल तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा, गादी नंतर.

आणि "पाठीला कडकच गादी हवी" हे आपल्याकडचं पक्कं मत जरा बाजूला ठेवायला हवं. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कोणती गादी आहे ते न सांगता कुणाला कडक तर कुणाला मध्यम कडक गादी दिली आणि ९० दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवरच्यांचा त्रास जास्त कमी झाला. हा अभ्यास २००३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. फळीवर झोपण्याचा सल्ला मिळायचा तो बहुधा बसलेल्या गादीच्या तुलनेत बरा वाटत असणार.

खालून येणारी ओल

चिपळूणला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आमची माडीवरची गादी ठेवली होती प्लायच्या बंद दिवाणावर, भिंतीला चिकटून. वरून चादर, त्यावर प्लास्टिकचा कागद, धूळ बसू नये म्हणून. वरून वाफ कोंडलेली, खालून हवा नाही. फोमला वास न येईल तर काय होईल? बुरशी फोम फारसा खात नाही, कव्हरचं सुती कापड, धूळ आणि घाम यांवर ती जगते. पण एकदा जाळीच्या आत गेली की बाहेर काढायचा उपाय नाही. फोम धुतला तर आतलं पाणी निघत नाही, उन्हात वाळवला तर फोम जातो.

पुण्या-मुंबईतले बॉक्स बेड आणि हायड्रॉलिक पलंगही याच जातीचे. खाली बॅगा आणि गोधड्या खच्चून भरलेल्या, वर प्लाय, वर गादी. सुताराकडून प्लायला हाताच्या अंतरावर अर्ध्या-पाऊण इंचाची भोकं पाडून घ्या, छोटंसं काम आहे. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांतलं अंतर तीन इंचांहून कमी ठेवा, नाहीतर फोम फटीत उतरतो आणि तिथेच थकतो. जुन्या लोखंडी खाटेच्या पट्ट्या लांब लांब असतात, तिच्यावर आधी प्लाय टाकावा. सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस घालून खोली नीटनेटकी करायची सवय फार जणांना असते, मलाही होती. ती मोडा. रात्रीची वाफ निघायला तासभर तरी गादी उघडी ठेवायला हवी, पंखा चालू असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा गादी भिंतीला उभी करा, वारा लागेल अशी पण सावलीत.

ओल कमी झाली की धुळीतले किडेही कमी होतात. डोळ्यांना न दिसणारे हे किडे आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगतात आणि पाणी पिण्याऐवजी हवेतली आर्द्रता शोषतात. हवा कोरडी असेल तर ते मरतात. घरात दम्याचं किंवा सकाळी शिंकांचं माणूस असेल तर गादीला चेनचं घट्ट विणीचं कव्हर घाला आणि चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. नऊ-दहा वर्षं जुनी गादी अशा माणसासाठी बसली नसली तरी बदललेली बरी.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गादीबद्दल एकच सांगते. २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमची माडी वाचली, पण बाजारपेठेतल्या नातेवाइकांच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. नंतर कितीतरी दिवस लोक गाद्या वाळवायचा प्रयत्न करत होते, कारण पैसे गेलेले आणि गादी दिसायला धड होती. ती ठेवू नका. गटाराचं पाणी जाळीच्या पोटात गेलेलं असतं, ते वाळलं तरी घाण आतच राहते.

गादीची डोक्याची आणि पायाची बाजू दर तीन महिन्यांनी बदला, पहिल्या वर्षात तर नक्की. त्यामुळे कंबरेचा भार एकाच जागी येत नाही. उलटी मात्र सगळ्या गाद्या करता येत नाहीत. वर मऊ आणि खाली कडक असे थर असतील तर उलटी केल्यावर मऊ थर तळाशी चेपून मरेल. गुंडाळी करून खोक्यात येणारी गादी महिनोन्‌महिने खोक्यात ठेवू नका, तीही दाबलेल्या अवस्थेतच म्हातारी होत असते. आणली की उलगडा, दोन-तीन दिवस फुलू द्या, नवेपणाचा वासही तेवढ्यात जातो. बसलेल्या गादीवर नवा टॉपर, म्हणजे वरून अंथरायचा पातळ थर, टाकायचा मोह टाळा. आम्ही तो केला, साडेचार हजारांचा. तिसऱ्या आठवड्यात टॉपरही त्याच खड्ड्यात मुकाट्याने जाऊन बसला. गादी बदलायच्या आधी मात्र पलंग तपासा. कधी कधी फोम चांगला असतो आणि प्लाय वाकलेला असतो, तेव्हा दांडी गादी काढून प्लायवर ठेवून बघा.

जुनी गादी टाकायच्या आधी मी तिचा काप घेतला. रांगोळीच्या धाग्याला खडू लावून आडवी रेघ मारली आणि पाव कापायच्या दातेरी सुरीने पुण्याची गादी मधून कापली. कडेला जाडी भरली सहा इंचांना जेमतेम कमी, आणि नवऱ्याच्या कंबरेखाली पाच. कडेचा तुकडा मुठीत दाबून सोडला की टुणकन फुलायचा. मधला दाबला तर सावकाश, आळसावल्यासारखा वर यायचा आणि हाताला किंचित चिकट लागायचा. गादी एकच होती, कारखान्यातून एकाच दिवशी निघालेला फोम होता. कडेच्या दोन्ही पट्ट्यांतून खिडकीतल्या कट्ट्यासाठी बसायची आसनं शिवून घेतली, मधला भाग गेला. महापालिकेची कचरागाडी गादी अख्खी घेत नाही, पण जुने फोम घेणारे भंगारवाले आहेत, त्यांच्याकडून तो पुढे बॉन्डेडच्या चुऱ्यात जातो. चिपळूणच्या गादीला मात्र बुरशी होती, तिचं काहीच करता आलं नाही.

नव्या गादीच्या तळाच्या कव्हरवर मी मार्करने घेतल्याची तारीख, तोललेलं वजन आणि पहिल्या दिवशीची उंची लिहून ठेवली आहे. त्याखाली दर दिवाळीला एक ओळ वाढते. पहिल्या दिवाळीला दांडीखालचं अंतर भरलं तीन मिलिमीटर.